एका वातीपुरतं देवपण

शनिवार, १९ एप्रिल २०२५. सकाळी नळाला पाणी आलं नाही, टाकीतलं वापरलं. सुषमा कामाला आली नाही, मुलीला ताप. दुपारी देवळात गेले. देव झाले. उन्हं उतरताना घरी.

अनुपमाबाईंच्या रोजनिशीत याहून जास्त कधी नसतं. पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर मुलींना रोज संध्याकाळी वही उघडायला लावत आणि एकच नियम सांगत: जे घडलं ते लिहा, जे वाटलं ते देवाला सांगा. नियमाचा पहिला भाग बाईंनी आयुष्यभर पाळला. दुसरा तेवढा जमला नाही. लग्न होऊन त्या डोहवाडीत आल्या तेव्हा इथला देव निराळा निघाला. तो नदीच्या डोहाकाठी शेंदूर लावून बसलेला, आणि त्याला काही सांगायचं तर चारचौघांसमोर मोठ्यानं सांगायची रीत.

डोहवाडी म्हणजे राहू गावाच्या पुढं, भीमेच्या काठचं गाव. तिथल्या डोहनाथाला चांदीचे डोळे आहेत, पापण्या नाहीत. वर्षभर तो टक लावून गावाकडं बघतो. चैत्रात त्याची जत्रा भरते, पालखी निघते, कुस्त्या होतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दमलेला देव जरा डोळा लावतो. गुरव त्याच्या डोळ्यांवर ओलं फडकं टाकतो आणि समईत एक वात पेटवतो. ती वात जळेपर्यंत गावाकडं बघायला कुणीतरी हवं. म्हणून तेवढ्यापुरता माणसातनं एक देव करतात.

ज्याला देव व्हायचं असेल त्यानं सभामंडपात मांडी घालून बसायचं. उजव्या तळहातावर डोहाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली काशाची वाटी, हात पुढं. पाणी सांडलं की उठायचं. शेवटी उरेल तो देव. मग गाव त्याच्यापुढं रांग लावतं. एकानं एकच मागायचं, आणि देवानं 'दिलं' म्हटलं की ते गावानं पुरं करायचं. पाऊस कुणी मागत नाही, गावाच्या हातातलं तेवढंच मागतात. कुणाची अडवलेली वाट सुटते, कुणाची रुसून गेलेली सून परत येते, कुणाची पाण्याची पाळी बदलते. त्या शब्दापुढं सरपंचाचंही चालत नाही.

देवाला बंधनंही आहेत. स्वतःसाठी काही घ्यायचं नाही. कुणी मागितल्याशिवाय द्यायचं नाही. आणि कुणाला नावानं हाक मारायची नाही, कारण देवाला सगळी सारखी. नाव घेतलं की देव उठला. वात तिथंच विझवायची, मग रांगेत कितीही माणसं उभी असोत.

मागच्या वर्षी गोकुळ देव झाला होता. अनसाबाईनं आपल्या नवऱ्याची तंबाखू सुटू दे म्हणून मागितलं. गोकुळ रंगात आलेला. तो म्हणाला, एकट्याची कशाला, समद्या गावाची सुटंल. त्यानंतर गावात सगळ्यात जास्त हाल झाले ते गोकुळचे.

अशा या बैठकीला पोरंठोरं बसतात, तालमीतले गडी बसतात, एखादी हौशी बाई बसते. यंदा अनुपमाबाई बसल्या. पंच्याहत्तरी उलटलेली बाई, गुडघ्यावर शाल, नाकावर जाड चष्मा. गावाला गंमत वाटली. गंमत वाटण्यासारखं त्यात फारसं नव्हतं.

बाईंना मूलबाळ नाही. यजमान हणमंतराव कधीच गेले. शेजारच्या घरात धाकटे दीर पोपटराव आणि जाऊ कस्तुराबाई. दोन घरांना अंगण एक, आणि मधल्या पायरीवर दुपारी चारचा चहा. कस्तुराबाई नवी नवरी होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. बाईंनी त्यांना सही शिकवली. बाईंना भाकरी थापता येत नव्हती. ती कस्तुराबाईंनी शिकवली. बाईंची भाकरी आजही एका अंगानं करपते. पण कस्तुराबाई बँकेत सही करतात ती थेट बाईंच्या वळणाची.

मग पोपटराव सोसायटीच्या निवडणुकीला शाळेच्या गुरुजींविरुद्ध उभे राहिले आणि एका मतानं पडले. संध्याकाळी पायरीवर माणसं जमली होती. पोपटराव उगाच, मन हलकं करायला म्हणाले, "वहिनी, तुमचं मत तर आपल्या घरातच पडलं न्हवं?"

दुसऱ्या कुणीही 'हो' म्हटलं असतं आणि चहाचा कप पुढं केला असता. बाई म्हणाल्या, "नाही भाऊजी. गुरुजींना दिलं. हिशेबाच्या कामाला ते जास्त चांगले वाटले."

त्यांना खोटं बोलायची सवयच नव्हती आणि खरं गिळायचीही नव्हती. आठवड्यात अंगणाच्या मधोमध सिमेंटच्या विटांची भिंत उभी राहिली, पुरुषभर उंच. पायरी भिंतीखाली गेली. आणि पोपटरावांनी डोहनाथाचा भंडारा घरी आणला. लहानग्या विक्रमच्या, त्यांच्या एकुलत्या एक मुलाच्या डोक्यावर कस्तुराबाईंना हात ठेवायला लावला, दुसऱ्या हातानं भंडारा उचलायला लावला. थोरलीशी एक शब्द बोलायचा नाही, ही शपथ.

शपथ घालणाऱ्यानं सोडवली तर सुटते. पोपटरावांचा राग पुढं पुष्कळ उतरला होता, बाई दिसल्या की ते मान खाली घालत. आज ना उद्या त्यांनी शपथ सोडवली असती. पण एका दुपारी ऊसतोडीच्या फडात ते बसले ते उठलेच नाहीत. शपथ तशीच राहिली. त्यांच्या दिवसांना बाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. कस्तुराबाईंनी त्यांच्याकडं बघून पोटभर रडून घेतलं, पण तोंडातून शब्द काढला नाही.

आता ती शपथ एकटा देवच सोडवू शकत होता, तेही कस्तुराबाईंनी स्वतः मागितलं तर. दर चैत्रात कुणी ना कुणी देव होतच होता. पण मेलेल्या नवऱ्याचा शब्द मोडून दे, असं एखाद्या कालच्या पोरापुढं, सगळ्या गावादेखत म्हणणं त्यांच्यानं होत नव्हतं. बाईंनी वर्षानुवर्षं विचार केला आणि त्यांना वाटलं, समोर आपणच बसलो असलो तर तिला ते मागता येईल. एवढ्यासाठी त्यांना देव व्हायचं होतं.

जत्रेच्या आदल्या दिवशी त्यांनी मच्छिंद्र गुरवाला विचारून ठेवलं होतं.

"मच्छिंद्र, देवाला स्वतःसाठी घेता येत नाही, बरोबर?"

"न्हाई बाई."

"दुसऱ्यानं मागितलं, आणि त्यातलं थोडं देवाच्याही वाट्याला आलं तर?"

मच्छिंद्रनं कान खाजवला. "मागणारा दुसरा आसंल तर देवाचा काय दोष?"

शनिवारी दुपारी मंडपात वाट्या वाटल्या गेल्या तेव्हा बाईंच्या शेजारी जालिंदर बसला होता. तालमीतला गडी, मांड्या खांबासारख्या.

"बाई, कशाला तरास घेताय?" तो म्हणाला. "हाताला रग लागंल."

मागनं गोकुळ म्हणाला, "तू तुझं बघ. बाईंच्या घरी बोलायला कोन हाय? गप बसायची प्रॅक्टिस हाय त्यास्नी."

मंडप हसला. बाईंना राग आला नाही. गोकुळ खरंच बोलला होता.

एकेक करत माणसं उठली. कुणाच्या नाकावर माशी बसली, कुणाला शिंक आली, कुणाला हसू. बाई बसून होत्या. शाळेच्या चॅपेलमध्ये गुडघ्यांवर तास-तास बसायची सवय आणि पुढं रिकाम्या घरात खुर्चीवर बसून काढलेल्या दुपारी, दोन्ही त्यांच्या कामी आल्या. त्यांनी वाटीकडं बघितलंच नाही. समोर देवाच्या डोळ्यांवरचं ओलं फडकं होतं, त्याकडं बघत राहिल्या. शेवटी त्या आणि जालिंदर दोघेच उरले. जालिंदरच्या दंडाच्या शिरा फुगल्या होत्या, पण पाणी जागचं हललं नव्हतं. आणि मग त्याच्या शर्टाच्या खिशातला मोबाइल गुरगुरला.

पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्यानं मोबाइल काढून बघितला. "आईचाच हाय," तो म्हणाला. "इचारती, झाला का देव."

मच्छिंद्रनं बाईंच्या हातातली वाटी काढून घेतली, पाणी त्यांच्या पायांवर ओतलं, त्यांना देवाच्या पायरीवर बसवलं आणि वात पेटवली. तेवढ्यानं मंडपातलं हसू थांबलं. जी माणसं एरवी 'बाई, बऱ्या हायसा का' म्हणत बाजूनं जात, ती आता तीन हात लांब उभी राहिली. देवाच्या अंगाला अंग लागू देत नाहीत. आजूबाजूची पायरी रिकामी झाली. बाईंना ते नवीन नव्हतं. रोज घरात असं असतंच, फक्त एवढी माणसं बघत नसतात.

रांग पुढं सरकू लागली. सारिकाला रहिवासाचा दाखला ग्रामपंचायतीतून मिळत नव्हता, तो दिला. एका म्हाताऱ्याला बांधावरची बाभळ तोडून हवी होती, ती दिली. प्रत्येक वेळी मच्छिंद्र ओरडे, "दिलं," आणि गाव मागनं म्हणे, "दिलं." बाई देत होत्या आणि रांगेकडं बघत होत्या. कस्तुराबाई रांगेत होत्या. डोक्यावरून पदर, एका पायावर जोर.

त्या समोर येऊन बसल्या. तोंड उघडलं, मिटलं. बाईंना इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा इतक्या जवळून दिसला नव्हता. हनुवटीवरचं गोंदण सुरकुत्यांत बुडालं होतं.

"देवा," कस्तुराबाई म्हणाल्या, "ऐकतूस न्हवं?"

आवाज जाड झाला होता. भिंतीवरून येणाऱ्या खोकल्यावरून बाईंनी तो तसा धरलाच होता.

"माग," बाई म्हणाल्या.

"माजा विक्रम कारेगावला कंपनीत हाय. तितंच खोली करून ऱ्हातो. महिना महिना घरला येत न्हाई. आला तर गाडीवरनं खाली उतरत न्हाई, उभ्या उभ्या पिशवी देतो आन् जातो. त्या पिशवीसंगं बोलू का मी? आईतवारचा जेवाय येऊ दे. एवढंच मागती."

एकानं एकच मागायचं असतं. मागून झालं होतं.

वर्षानुवर्षं बाईंनी भिंतीच्या अलीकडं बसून एकच बाजू मोजली होती. पलीकडंही कुणी एकटं ताट वाढून घेत असेल, हे त्यांना कळायला हवं होतं. खोकला ऐकू येत होता, मग हे का ऐकू आलं नाही?

"येईल," त्या म्हणाल्या. "दर रविवारी येईल. गाडी दारात लावेल, पाय धुवेल, बसून जेवेल. घाई करणार नाही."

"दिलं," मच्छिंद्र ओरडला. गाव म्हणालं, "दिलं." गोकुळनं लगेच विक्रमला फोन लावायला घेतला.

कस्तुराबाई उठल्या नाहीत.

"मच्छिंद्रा," त्यांनी मान न वळवता विचारलं, "मागायचं न्हाई आता. नुसतं बोलायचंय. देवासंगं बोलाय बंदी हाय का?"

"बंदी कशाची मावशी? पर मागं रांग हाय."

त्यांच्या मागं रंगुबाई होती, माळ्याच्या वस्तीवरची, पाण्याच्या पाळीचं गाऱ्हाणं घेऊन आलेली. ती म्हणाली, "आगं, घरी ऐकायला कोन न्हाई म्हून देवाचं त्याल जाळतीस व्हय?"

"व्हय," कस्तुराबाई म्हणाल्या आणि पुन्हा समोर बघू लागल्या.

मग त्या बोलत सुटल्या. म्हैस विकली, आता पहाटे जाग येते तर उठून करायचं काय ते कळत नाही. नळाला पाणी येतं तेव्हा नेमकी डुलकी लागते. कढीलिंबाला कीड पडली. गुडघा रात्रभर ठणकतो. बाईंनी कुठंच अडवलं नाही. वात अर्ध्यावर आली होती.

"शेजारच्या घरी सकाळचा रेडू लागतो," कस्तुराबाई म्हणाल्या. "बातम्या लागल्या की मी तवा ठिवती. मागं दोन दिस रेडू लागलाच न्हाई. लई भ्या वाटलं. भिताडाला कान लावून उभी ऱ्हायले. मग कवातरी भांडं वाजलं, तवा जरा बरं वाटलं."

बाईंना सांगायचं होतं की सेल संपले होते, सुषमाला आणायला सांगितले तर ती विसरली. पण देव स्वतःच्या घरचं सांगत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं." आणि मग, "गुडघ्याला काय लावतेस?"

"काय लावनार? डाक्टरनं ट्यूब दिलीय. नुसता वास मारती. पूर्वी शिरूरच्या घाण्याचं तिळाचं त्याल आसायचं. थोरल्या घरातनं यायचं."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मागनं रंगुबाई खाकरली. कस्तुराबाईंनी जमिनीवर हात टेकला, "येती देवा," म्हणाल्या आणि उठायला गेल्या. गुडघा मध्येच मुडपला आणि त्या एका अंगावर कलल्या.

"कस्तुरा, हळू," बाई म्हणाल्या.

"व्हय आक्का."

दोन्ही शब्द असे आले जसे पायरीवर चहाच्या वेळी यायचे. मच्छिंद्र पुढं आला, त्यानं चिमटीनं वात दाबली आणि देवाच्या डोळ्यांवरचं फडकं ओढून घेतलं. "देव उठला," तो म्हणाला. चांदीचे डोळे पुन्हा गावाकडं बघू लागले.

"आगं बया," रंगुबाई म्हणाली, "हिनं तर आक्का म्हणलं."

"वात इजायच्या आदी म्हणलं का मागनं?" जालिंदरनं विचारलं.

"आदी."

"आदी कुठलं? मच्छिंद्रानं हात लावला तवा."

"वातीचा काय संबंध?" मच्छिंद्र म्हणाला. "नाव घेतलं तवाच देव उठतो." एवढं बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं की मग 'आक्का' देवाला नव्हे, थोरलीलाच गेलं. तो समई पुसत बसला.

कस्तुराबाईंनी तोंडावर पदर दाबला होता. त्या कुणाकडंच बघत नव्हत्या. विझल्या वातीतून निघणाऱ्या धुराकडं बघत होत्या, आणि त्यांचा उजवा हात असा पुढं आला होता जसा लहान मुलाच्या डोक्यावर ठेवतात. बाईंना तो हात दिसला. मग कस्तुराबाई वळल्या आणि खांबाला धरत, पाय ओढत बाहेर गेल्या.

"विक्रमचं तेवढं राहील ना?" बाईंनी विचारलं.

"दिलं ते दिलं बाई. त्ये देवानं दिलंय." मच्छिंद्रनं मान वर केली नाही.

रंगुबाई अजून जागची हलली नव्हती. तिच्या पाण्याची पाळी आता पुढच्या चैत्रावर गेली होती. "येक नाव गिळाय काय झालं हुतं, बाई?" ती म्हणाली. तिचंही बरोबर होतं.

"चुकलं," बाई म्हणाल्या.

त्या घरी आल्या, चप्पल काढली, टाकीतल्या पाण्यानं पाय धुतले. पलीकडं दाराला आतून कडी होती. खोकला नाही, भांडं नाही. बाई भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. काही होत नाही गं, असं सांगता आलं असतं. पण हाक मारली की तिकडून 'ओ' निघणार, न ठरवता निघणार, आणि तिच्या मुलाच्या डोक्यावर आणखी एक शब्द जमा होणार. बाई असल्या शपथा मानत नव्हत्या. कस्तुरा मानत होती, आणि भीती तिची होती.

थोड्या वेळानं बाई आत गेल्या. फडताळातून तिळाच्या तेलाची बाटली काढली. मागच्या आठवड्यात सुषमाच्या भावानं शिरूरहून आणून दिलेली, अजून बूच काढलं नव्हतं. भिंतीची वरची एक वीट पडली आहे, तिथून मांजरं येतात-जातात. बाई ओट्यावर चढल्या, एका हातानं भिंत धरली आणि बाटली त्या खाचेत उभी केली. बाटली म्हणजे काही शब्द नव्हे.

मग त्यांनी घरात येऊन रेडिओ लावला. संध्याकाळच्या बातम्यांना अवकाश होता, कसलंसं शेतीचं बोलणं चाललं होतं. आवाज जरा मोठा केला. उद्या रविवार, हे त्यांच्या मनात दोनदा येऊन गेलं. विक्रम आला तर पलीकडं दोन ताटांचा आवाज होईल. चहा केला, गार झाला, तसाच प्यायला.

बातम्या सुरू झाल्या तेव्हा पलीकडं तवा चुलीवर ठेवल्याचा आवाज आला.

बाई लगेच बाहेर गेल्या नाहीत. बातम्या पुऱ्या ऐकल्या. मग दोरीवरचं लुगडं काढायला म्हणून अंगणात आल्या आणि वर बघितलं. खाच रिकामी होती. मांजरानं पाडली असेल म्हणून त्यांनी भिंतीच्या बुडाशी बघितलं. काच नव्हती, तेल सांडलेलं नव्हतं. लुगडं हातात घेऊन त्या बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या. पलीकडं भाकरी थापल्याचा आवाज येत होता. बोलण्याचा आला नाही, आणि इकडूनही गेला नाही.

दिवा लावून त्यांनी रोजनिशी उघडली. पाण्याचं लिहिलं, सुषमाचं लिहिलं, देवळाचं लिहिलं. काय वाटलं ते नेहमीप्रमाणे लिहिलं नाही. थोडी जागा उरली होती, तिथं त्यांनी लिहिलं:

तिळाचं तेल घरात नाही. शिरूरला कुणी जाणार असेल तर सांगणे.